गावगाडा लिहिला गेला, रस्ता राहून गेला

'कर्जत' हा शब्द साहित्याच्या बैठकीत उच्चारला, की बहुतेकांच्या डोळ्यांपुढे रायगड जिल्ह्यातले रेल्वे स्थानक, तिथला बटाटेवडा आणि पावसाळी सहल उभी राहते. दुसरे एक कर्जत आहे. ते अहमदनगर जिल्ह्याच्या, म्हणजे २०२४ पासूनच्या अहिल्यानगर जिल्ह्याच्या, दक्षिण टोकाला, भीमेच्या अलीकडे वसलेले आहे. भाविकांना ते सिद्धटेकमुळे आणि राशीनच्या देवीमुळे ठाऊक असते, वन्यजीवप्रेमींना रेहेकुरीच्या काळविटांमुळे. वृत्तपत्रांना त्याची आठवण दुष्काळात येते, आणि २०१६ साली कोपर्डीच्या घटनेनंतर आली होती. या तालुक्याच्या अंगावरून अहोरात्र जो रस्ता वाहतो, त्याच्याविषयी मात्र कुणाला काही म्हणायचे नसते. प्रस्तुत लेखाचा विषय तो रस्ता आहे; अधिक नेमके सांगायचे तर त्या रस्त्याच्या कडेला बंद पडलेला ट्रक आणि त्याच्याखाली आडवा झालेला माणूस.

उत्तरेकडून येणारा माल धुळे, मनमाड, कोपरगाव करत नगरला येतो आणि पुण्याची गर्दी टाळून करमाळा, टेंभुर्णीमार्गे सोलापूर गाठतो. तिथून त्याला विजयपूर मोकळे, हैदराबाद मोकळे. नगर सोडल्यावर हा रस्ता कर्जत तालुक्यातल्या मिरजगाव आणि माहीजळगावावरून जातो. खुद्द कर्जतमधून राशीन, भिगवण असा दुसरा रस्ता पुणे-सोलापूर महामार्गाला जाऊन मिळतो. कांदा, सिमेंट, लोखंड, हंगामात ऊस, असे सगळे या रस्त्यांवरून हलते. एवढे वजन हलते तिथे काहीतरी तुटतेही. म्हणून फाट्याफाट्यावर दुकानांची एक रांग असते. तिला आपण सगळ्यांनी मिळून 'गॅरेज' हे एकच नाव देऊन टाकले आहे. प्रत्यक्षात त्या रांगेत किमान आठ-दहा वेगवेगळे व्यवसाय नांदतात. मिस्त्री इंजिन आणि गिअरबॉक्स पाहतो, पाटेवाला कमानींचे पाटे. पंपवाला डिझेलपंप आणि नोझल. वायरमन दिवे, सेल्फ, बॅटरी. रेडिएटरवाला वेगळा, लेथवाला वेगळा, वेल्डर वेगळा, टायरवाला वेगळा, सीट शिवणारा कुशनवाला तर सर्वस्वी वेगळा. एकाचे काम दुसरा करत नाही आणि एकावाचून दुसऱ्याचे काम पुरे होत नाही.

हे वर्णन मराठीच्या विद्यार्थ्याला ओळखीचे वाटायला हवे. त्रिंबक नारायण आत्रे यांचे 'गावगाडा' १९१५ साली प्रसिद्ध झाले. कोणता बलुतेदार काय करतो, त्याच्या मोबदल्यात त्याला काय मिळते, कोण कोणाला नाडतो, गावाबाहेरून येणारे कोण आणि ते कशावर जगतात, याची त्या पुस्तकातली नोंद आजही आपण आदराने वाचतो, परीक्षेला लावतो, प्रबंधांत उद्धृत करतो. त्या गाड्याची चाके विसाव्या शतकात निखळली. बलुतेदारीतून सुटलेले लोहार-सुतारांचे हात, कोरडवाहू शेतीतून बाहेर पडलेली मुले, दूरवरून आलेले मल्याळी टायरवाले आणि उत्तर भारतातले वेल्डर, हे सारे रस्त्याच्या कडेला एकत्र आले आणि त्यांनी कोणत्याही गावाशी न बांधलेली एक नवी बलुतेदारी उभी केली. तिच्यात वतन नाही, धान्याचे बलुते नाही, रोख व्यवहार आहे; गिऱ्हाईक पुन्हा भेटेल याची शाश्वती नसताना टिकवावी लागणारी पत आहे. एका शतकानंतर या व्यवस्थेचा 'गावगाडा' मराठीत का नाही, हा माझा प्रश्न आहे. तो ट्रक-चालकांना किंवा मिस्त्र्यांना विचारलेला नाही. तो मराठीच्या विभागांना, समीक्षकांना आणि आपल्यासारख्या लिहित्या-वाचत्यांना विचारलेला आहे.

याचे पहिले उत्तर आपल्या वर्गीकरणात दडलेले आहे. साठोत्तरी साहित्याचा विचार करताना आपण प्रवाहांचा जो नकाशा तयार केला, त्यात ग्रामीण आहे, दलित आहे, आदिवासी आहे, स्त्रीवादी आहे, महानगरी आहे. हे प्रवाह मोठ्या संघर्षातून उभे राहिले. त्यांच्याविषयी तक्रार नाही. तक्रार नकाशाविषयी आहे. त्यात गाव आहे आणि शहर आहे, पण फाटा नाही. फाट्यावरचा मिस्त्री गावात राहतो, पण पेरणीवर जगत नाही. त्याच्या हाताखालून देशभरची वाहने जातात, पण तो शहरी नाही. त्याची गोष्ट ग्रामीण साहित्याच्या तासाला सांगावी, तर तीत शिवार नाही. महानगरी साहित्याच्या तासाला सांगावी, तर तीत महानगर नाही. ज्या खोलीत त्याला बसवता येईल अशी खोलीच आपण बांधली नाही, आणि मग तो बाहेर उभा आहे याचे आपल्याला नवलही वाटले नाही.

मराठीत असे लेखन झालेच नाही, असे म्हणणे मात्र अन्यायाचे होईल. सीमाभागातल्या निपाणीत पिठाची गिरणी चालवत महादेव मोरे यांनी आयुष्यभर लिहिले. मोटारी, गॅरेज, ड्रायव्हर, क्लीनर, तंबाखूच्या धंद्यात राबणाऱ्या बाया यांचे जग त्यांनी कथा-कादंबऱ्यांतून आणले, आणि ते जग पाहुण्याच्या नजरेने पाहिलेले नव्हते. २०२४ मध्ये ते गेले. श्रद्धांजलीच्या लेखांत 'उपेक्षितांचे लेखक' हे विशेषण आले, आणि ज्यांनी उपेक्षा केली त्यांनीच ते वापरले. आपल्या समीक्षेने त्यांना 'सीमाभागातले लेखक' या कप्प्यात ठेवले. जणू त्यांच्या लेखनाचे महत्त्व बेळगाव जिल्ह्याच्या हद्दीत संपत होते! पुणे-बंगळूर रस्त्यावर उभे राहून त्यांनी जे पाहिले, ते नगर-सोलापूर रस्त्यावर, नाशिक-धुळे रस्त्यावर, नागपूरच्या अलीकडे-पलीकडे सगळीकडे घडत होते. एका लेखकाने दार उघडून दिले असताना आपण त्याच्या दाराची चौकट मापत बसलो.

दुसरे उत्तर आपल्या रसिकतेत आहे. ट्रककडे सुशिक्षितांचे लक्ष जातच नाही असे नाही. जाते, पण मागून. ट्रकच्या पाठीवरच्या शायरीवर, लिंबू-मिरचीवर, काळ्या बाहुलीवर, 'हॉर्न ओके प्लीज'वर आपण लेख लिहिले, छायाचित्रे काढली, 'लोककला' म्हणून ती मिरवली. २०१५ साली महाराष्ट्रात 'हॉर्न ओके प्लीज' लिहिण्यावर बंदी आली, तेव्हा हळहळ व्यक्त करणाऱ्यांची कमतरता नव्हती. माणूस चालत्या मोटारीतून जेवढे वाचू शकतो, तेवढेच आपण वाचले. खाली वाकून कुणी पाहिले नाही. रंगवलेली फळी हा त्या वाहनाचा पृष्ठभाग. ज्ञान चाकाजवळ, ग्रीसमध्ये, भाजलेल्या बोटांत आहे.

हे ज्ञान कसे असते? मिस्त्री इंजिनावर लोखंडी दांडा टेकवून त्याचे दुसरे टोक कानाला लावतो आणि कोणते बेअरिंग 'वाजते' ते सांगतो. धुराचा रंग पाहून तो निदान करतो. काळा धूर असेल तर डिझेल पुरते जळत नाही, नोझल किंवा हवेची जाळी पाहायला हवी. निळा असेल तर ऑइल जळते आहे. इंजिन तापल्यावरही पांढरा येत राहिला तर आत पाणी शिरल्याची शंका घ्यायची. पाटेवाला तुटलेल्या पाट्याच्या जागी नवा घालतोच, पण बसलेला पाटा भट्टीत तापवून, घणाने ठोकून त्याची कमान परत आणतो, आणि मग त्याला 'पाणी देतो'. विळ्या-कुऱ्हाडीला पाणी देणाऱ्या लोहाराचाच हा शब्द आहे, क्रियाही तीच. फक्त विळ्याच्या जागी पंधरा-वीस टन भार झेलणारे पोलाद आले आहे. २०१८ साली केंद्र सरकारने मालवाहू वाहनांच्या आसांवरील भाराची मर्यादा सुमारे वीस ते पंचवीस टक्क्यांनी वाढवली. त्या निर्णयाचा अर्थ अर्थतज्ज्ञांनी वाहतूकखर्चात मोजला. पाटेवाल्याच्या हिशेबात तो तुटणाऱ्या पाट्यांत मोजला जातो.

आता भाषेकडे येऊ, कारण आपला अधिकार तिथे आहे असे आपण मानतो. शुद्धिवादी मंडळी म्हणतील, की ही कसली मराठी? क्लच, गिअर, नोझल, बेअरिंग, यू-बोल्ट: सगळे शब्द उसने! नामे उसनी आहेत हे खरेच. पण जरा क्रियापदे ऐकावीत. गाडी ऑइल 'खाते'. टायर 'खाते'. एका बाजूला 'ओढते'. चढाला 'उठत नाही'. डिझेलच्या नळीत हवा 'धरते'. टायर 'बसतो', पाटा 'बसतो', फार झाले तर इंजिनच 'बसते'. मिस्त्री इंजिन 'उतरवतो', 'खोलतो' आणि पुन्हा 'बांधतो'. हा सारा संसार बैलाचा आहे. बैल खातो, ओढतो, बसतो, उठवला तरी उठत नाही. औतामागे चालणाऱ्या माणसाने आपल्या जनावराविषयी जी भाषा घडवली, तीच त्याच्या नातवाने जशीच्या तशी ट्रकला जुंपली. कोणतीही समिती बसली नाही, कोणता शासननिर्णय निघाला नाही. इंग्रजी नाम मराठी क्रियापदाच्या जुवाखाली आले आणि चालू लागले.

याउलट आपण काय केले? पदनाम कोश केला, ज्याची 'बदनाम कोश' म्हणून टर उडाली. अभियांत्रिकीचे परिभाषा कोश केले. ते ग्रंथालयांत आहेत आणि तिथेच आहेत. कोशकारांच्या विद्वत्तेविषयी मला आदर आहे. पण एखाद्या यंत्राचे मराठी नाव ठरवताना, ते यंत्र रोज उघडणाऱ्या मराठी माणसाला 'तू याला काय म्हणतोस?' असे विचारायला हवे, ही साधी गोष्ट आपल्या परिभाषेच्या कार्यपद्धतीत मुरली नाही. मोल्सवर्थ साहेबाने १८३१ साली आपला मराठी-इंग्रजी कोश सिद्ध केला, तेव्हा त्याला आणि त्याच्या पंडितांना शेतकऱ्या-कारागिरांच्या तोंडचे शब्द कोशात घेताना संकोच वाटला नाही. दाते-कर्वे यांच्या 'महाराष्ट्र शब्दकोशा'च्या सात विभागांतही (१९३२–३८) धंद्यांचे शब्द मानाने आले. त्यानंतरच्या काळात मराठी माणसाने सर्वांत जास्त शब्द जिथे घडवले, त्या यंत्रांच्या जगाकडे आपण पाठ फिरवली. ग्रामीण कथेखालच्या तळटीपेत 'मोट', 'नाडा', 'सोंदूर', 'धाव' यांचे अर्थ आपण विद्यार्थ्यांकडून पाठ करून घेतो. मोट गेली, सोंदूर गेला. ते शब्द जपायलाच हवेत. पण विद्यार्थ्याच्या घरासमोर जिवंत असलेला शब्द त्याला तळटीपेतसुद्धा भेटू नये, ही कोणती भाषाभक्ती?

'साहित्याच्या अभ्यासकांनी पाने-पकडींत का पडावे?' असा एक आक्षेप येईल. या आक्षेपाला उत्तर द्यायला फार लांब जावे लागत नाही. ज्या नगर जिल्ह्याविषयी आपण बोलतो आहोत, त्याच जिल्ह्यातल्या नेवाशात ज्ञानेश्वरी सांगितली गेली. तिच्यातले दृष्टान्त सोनार, कुंभार, शेतकरी, नावाडी यांच्या रोजच्या व्यवहारातून येतात. माहीजळगाव ओलांडलेला ट्रक टेंभुर्णीला सोलापूर रस्त्याला लागतो आणि थोड्याच वेळात माढा तालुक्यातल्या अरणजवळून जातो. ते सावता माळ्यांचे गाव. सावता माळी, गोरा कुंभार, नरहरी सोनार, सेना न्हावी यांनी आपापल्या धंद्याचे शब्द परमार्थात नेले आणि त्यामुळे मराठी कविता समृद्ध झाली, हे आपण पहिल्या वर्षाच्या वर्गात शिकवतो. मग मळा, चाक, मूस आणि वस्तरा काव्याला चालतात आणि पाना चालत नाही, ही अडचण नेमकी कुणाची? त्या संतांची खचितच नव्हे. ३ ऑक्टोबर २०२४ रोजी केंद्रीय मंत्रिमंडळाने मराठीला अभिजात भाषेचा दर्जा देण्याला मान्यता दिली. तेव्हापासून आपण तिच्या प्राचीनतेवर परिसंवाद भरवतो आहोत. ते आनंदाने भरवावेत. फक्त भाषेची प्राचीनता ज्या सवयीतून आली, म्हणजे राबणाऱ्यांच्या तोंडचा शब्द उचलण्याच्या सवयीतून, ती आपण केव्हा सोडली याचाही एखादा परिसंवाद व्हावा.

हे आजच का बोलायचे? कारण वेळ फार नाही. १ एप्रिल २०२० पासून देशात बीएस-सहा निकष लागू झाले. नव्या ट्रकमध्ये इंजिनाचा कारभार संगणक पाहतो. धूर स्वच्छ करण्यासाठी वेगळे द्रावण लागते, ज्याला चालक सरळ 'युरिया' म्हणतात. बिघाड आवाजाने कळण्याआधी पडद्यावर सांकेतिक अंकांत उमटतो. तो अंक वाचायला स्कॅनर हवा, आणि पुष्कळदा तो कंपनीच्या केंद्राकडेच असतो. निकष हवेच्या भल्यासाठी आले, त्यांना विरोध करण्याचे कारण नाही. पण कानाने निदान करणाऱ्याच्या हातून नवी वाहने निसटत चालली, हे त्याबरोबरच घडते आहे. २०२१ साली जुनी वाहने मोडीत काढण्याचे धोरण आले. म्हणजे त्याच्या ओळखीची वाहनेही मावळतीला लागली. आणि रस्ता स्वतःच बदलतो आहे. २०२५ च्या जूनमध्ये सातशे एक किलोमीटरचा समृद्धी महामार्ग पूर्ण खुला झाला. तो कुंपणाआडचा रस्ता आहे. तिथे चढायचे आणि उतरायचे ते ठरल्या जागीच, अधेमधे फाटा नाही, त्यामुळे फाट्यावरची रांगही नाही. नगर-करमाळा रस्ता अजून तसा झालेला नाही. चौपदरी झाला तरी त्याच्या कडेला माणसे आहेत. अशी कड किती काळ राहील हे रस्तेबांधणीच्या खात्यात ठरेल. तोवर काय नोंदवून ठेवायचे, हे आपल्या खात्यात ठरायचे आहे.

इथे एक सावधगिरी बाळगायला हवी. या विषयावर लिहायला बसणारा सुशिक्षित माणूस चटकन हळवा होतो. 'अनाडी पण अफाट कारागीर' असे चित्र रंगवतो आणि मोकळा होतो. आत्र्यांनी 'गावगाडा' अंगाईगीत म्हणून लिहिले नव्हते. कोण कोणाच्या जिवावर खातो हे त्यांनी स्पष्ट मांडले. रस्त्याच्या नोंदीतही तेच यायला हवे. ट्रकच्या जुन्या धाटणीच्या चाकात हवा भरताना लोखंडी रिंग निसटून उडते आणि माणूस जागीच जातो. जॅक सरकतो. अंधारात चाकाशी बसलेल्याला मागून येणारे वाहन उडवते. काम शिकायला आलेल्या 'बारक्या'चे वय कोणी विचारत नाही. १९८६ च्या बालकामगार कायद्यात २०१६ साली दुरुस्ती होऊन चौदा वर्षांखालील मुलांना कामावर ठेवण्यास सरसकट बंदी आली, तरी विचारत नाही. तीस वर्षे इंजिने बांधणाऱ्याकडे आपल्या विद्येचा एक कागद नसतो. या धंद्यात जात मिटली, असे म्हणण्याची घाई करू नये. कोण मिस्त्री होतो आणि कोण टायर ओढत राहतो, ते जाऊन पाहावे. नुसता शब्दसंग्रह केला आणि मजुरी विचारली नाही, तर तीही एक प्रकारची चोरीच होईल.

आता मागणी. ती मोठी नाही. नगर, मिरजगाव, कर्जत, करमाळा, टेंभुर्णी या साऱ्या टापूत महाविद्यालये आहेत, त्यांत मराठी शिकवले जाते. नव्या शैक्षणिक धोरणानुसार पदव्युत्तर अभ्यासक्रमांत प्रत्यक्ष कार्यानुभव आणि संशोधन प्रकल्प यांना श्रेयांक आहेत. मराठीच्या विद्यार्थ्याने तो कार्यानुभव कुठे घ्यावा, अशी चिंता प्राध्यापक खासगीत व्यक्त करतात. महाविद्यालयाच्या फाटकाबाहेर पडावे आणि फाट्यावर जावे. दोन विद्यार्थ्यांनी एक पाटेवाला धरावा, दोघांनी एक पंपवाला. महिनाभर त्यांच्या वेळेने बसावे, त्यांच्या परवानगीने ध्वनिमुद्रण करावे. अवजारांची नावे, बिघाडांची नावे, शिव्या, विनोद, मजुरीचा हिशेब, उधारीची वही, अपघातांच्या आठवणी, काम कुणाकडून शिकला त्याची परंपरा, हे सारे उतरवून घ्यावे. मजकूर ज्याचा आहे त्याला तो वाचून दाखवावा, आणि दुरुस्ती सांगितली तर ती मानावी. पाच वर्षांत असे पन्नास प्रकल्प झाले, तर त्यातून एक कोश निघेल. ती पन्नास नावे आणि पन्नास आवाज जाणत्या संपादकाच्या हाती पडले, तर कदाचित नवा 'गावगाडा'ही निघेल. कादंबरी निघेल की नाही, ते सांगता येत नाही. ती मागणी करून निघत नाही. पण जिथे कुणी ऐकतच नाही तिथून ती नक्की निघत नाही.

यावर 'अभ्यासक्रम मंडळ मान्यता देणार नाही' असे उत्तर मिळेल, याची मला कल्पना आहे. द्यायची नसेल तर त्यांनी तसे लेखी द्यावे. म्हणजे शंभर वर्षांनी कुणी शोध घेतला, तर मराठी रस्त्याच्या कडेला कशी बोलली जात होती हे कळले नाही तरी, ती ऐकायची नाही असे कुणी ठरवले होते, एवढे तरी कागदावर सापडेल.